पुन्हा दिवस गेले आहेत, पण आनंद होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपला राहणारी, फोर्टमध्ये नोकरी करणारी ३१ वर्षांची बाई लिहिते: दहावा आठवडा सुरू आहे. आठव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, ठोके दिसले. पण दीड वर्षापूर्वी नवव्या आठवड्यात ठोकेच सापडले नव्हते आणि पिशवी साफ करावी लागली होती. त्याच्याही आधी, लग्नापूर्वी, २३ व्या वर्षी गोळ्या घेऊन गर्भपात केला होता, तो नवऱ्याला माहीत नाही. आता दर तासाला वॉशरूममध्ये जाऊन रक्त आलंय का बघते. पहाटे तीनला जाग येते. सासूबाई म्हणतात, चांगले विचार कर, बाळावर परिणाम होतो. मी आधी केलं त्याची ही शिक्षा आहे का? डॉक्टरांना ते सांगावंच लागेल का? माझ्या टेन्शनचा बाळाला त्रास होईल का? आणि मला आनंद का होत नाही?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे तीन त्याच्याच पोटात आहेत.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. परळच्या एका सरकारी रुग्णालयात २२ वर्षं काम करते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं आठवड्यातल्या दोन सकाळी गरोदर बायांच्या ओपीडीतच बसते. तिथे कान एका गोष्टीला सरावलेत. पहिलटकरीण म्हणते, "सातव्या महिन्यात माहेरी जाणार." आधी एखादं गेलेलं असलं की तीच बाई म्हणते, "टिकलं तर जाईन." 'टिकलं तर' ऐकलं की मी पेन खाली ठेवते आणि केसपेपर बाजूला सारते. तुमच्या पत्रात हे दोन शब्द तीन वेळा आले आहेत.

तुम्हाला आनंद होत नाही तो या बाळावर माया नाही म्हणून नव्हे. मागच्या वेळी दोन रेघा दिसल्या तेव्हा तुम्ही मनातल्या मनात पुढचं सगळं उभं केलं होतं. महिना मोजला होता, कदाचित नावही ठरवलं होतं. ते सगळं एका दुपारी मोडून काढावं लागलं. या वेळी मन आधीच हात आखडता घेतंय, म्हणजे पडलं तर कमी लागेल. असं केल्यानं कमी लागतं असं मी आजवर पाहिलेलं नाही, पण मन तसा हिशेब करतंच. आधी गर्भ गेलेल्या बऱ्याचशा बायका पुढच्या गरोदरपणात अशाच वागतात. फोटो काढत नाहीत, कोणाला सांगत नाहीत, पोटावर हात ठेवायलाही कचरतात. त्यातल्या बहुतेकींना बाळाची ओढ उशिरा लागते. कोणाला पाचव्या महिन्यात हालचाल कळू लागल्यावर, कोणाला बाळ हातात आल्यावर काही दिवसांनी. उशिरा लागलेली ओढ काही कमी नसते.

आता शिक्षेचं. यावर मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण तुमची झोप उडवली आहे ती मुख्यतः या विचारानं.

आपल्या भाषेत आपोआप पडलेला गर्भ आणि स्वतः निर्णय घेऊन थांबवलेला गर्भ, दोन्हींना एकच शब्द आहे: गर्भपात. केसपेपरवरही तसंच. तुमच्या कागदावर डॉक्टरांनी 'जी थ्री, ए टू' असं काहीतरी लिहिलं असेल किंवा लिहितील. म्हणजे तिसऱ्यांदा दिवस गेले, आधीचे दोन पूर्ण झाले नाहीत. त्या 'ए'मध्ये दोन्ही प्रकार एकत्र बसतात. शब्द एक झाला की मनात दोन्ही घटनाही एकमेकींना चिकटतात: मी एक केलं, म्हणून दुसरं झालं. शरीरात तसा धागा नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. बीज किंवा शुक्राणू तयार होताना, किंवा ते एकत्र येताना झालेली ती गफलत असते. आठ वर्षांपूर्वीच्या गोळ्यांचा तिच्याशी संबंध नाही. तुम्ही जड पिशवी उचलली, लोकलमध्ये धक्का बसला, पपई खाल्ली, रडलात, भांडलात, यातल्या कशाशीही नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या शंभर बायांमध्ये साधारण दहा ते वीस जणींचा गर्भ असा जातो. तुमच्या डब्यात रोज चढणाऱ्या बायकांमध्ये अशा कितीतरी असतील. त्या बोलत नाहीत, म्हणून प्रत्येकीला वाटतं की हे आपल्यालाच झालं.

लवकरच्या आठवड्यांत, नीट देखरेखीखाली केलेल्या गर्भपातामुळे पुढे मूल राहत नाही किंवा राहिलेलं पडतं, हेही खरं नाही. त्रास होऊ शकतो तो गर्भ अर्धवट राहून जंतुसंसर्ग झाला तर, किंवा पिशवी वारंवार खरवडून आत चिकटपणा आला तर. तुमची पाळी नंतर नियमित होती, दिवस दोनदा राहिले, सोनोग्राफीत पिशवी व्यवस्थित आहे. म्हणजे तो प्रश्न तुमच्यापुरता मिटलेला आहे.

आणि मनाचं? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटानं २००८ मध्ये तोवरचं संशोधन तपासून सांगितलं की नको असलेलं गरोदरपण पहिल्या तीन महिन्यांत एकदा थांबवलेल्या प्रौढ स्त्रियांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण, तसंच गरोदरपण पुढे नेऊन बाळंत झालेल्या स्त्रियांपेक्षा जास्त नसतं. म्हणजे दुःख होत नाही असं नव्हे. सुटकाही वाटते आणि वाईटही वाटतं, एकाच संध्याकाळी. मला जे दिसतं ते असं: ज्या बाईला त्याबद्दल एका तरी माणसाशी बोलता आलं ती सावरते. जिला तोंड मिटून ठेवावं लागलं, तिच्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि पुढच्या गरोदरपणात वर येतं. तुमचं आज तेच होतंय. २३ व्या वर्षी तुम्ही एकट्यानं निस्तरलंत, रडायला जागा नव्हती, आणि दीड वर्षापूर्वी जेव्हा उघडपणे रडायची परवानगी होती तेव्हा तुम्हाला वाटलं, मला रडायचा हक्क नाही. तुम्हाला दोन्हींसाठी रडता येतं. मी हे मनापासून लिहिते आहे.

डॉक्टरांना सांगायचं का? हो, सांगा, पण एकटीनं. ओपीडीत नवरा किंवा सासूबाई शेजारी असताना "आधी काही झालं होतं का?" असं विचारलं जातं आणि बाई खाली बघून "नाही" म्हणते, हे मी हजारदा पाहिलंय. डॉक्टरांना ते हवं असतं ते वैद्यकीय कारणासाठी. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच्या प्रत्येक वेळी अँटी-डी इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) मिळालं होतं का हे महत्त्वाचं ठरतं. पिशवीच्या तोंडावर काही प्रक्रिया झाली होती का, हेही. वजन-बीपी घेणाऱ्या सिस्टरना हळूच सांगा, "मॅडमशी दोन मिनिटं एकटीनं बोलायचंय." बहुतेक सिस्टर लगेच समजतात. डॉक्टरांना हेही सांगा की घरच्यांच्या हाती जाणाऱ्या कागदावर ते कसं लिहायचं ते आधी माझ्याशी ठरवा.

कायदा इथे तुमच्या बाजूनं आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्यात प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, मग रुग्णालयाच्या खिडकीवरचा माणूस काहीही म्हणो. २०२१ च्या दुरुस्तीनं, गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव आणि तपशील डॉक्टरांनी कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कोणालाही सांगितले तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली आहे. नवऱ्याला सांगायचं की नाही, हा मात्र वैद्यकीय प्रश्न नाही. तो सर्वस्वी तुमचा आहे. सांगितलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही, आणि भीतीच्या भरात पहाटे तीनला तर नकोच.

टेन्शनचा बाळाला त्रास होतो का. सासूबाईंचा दोष नाही, त्यांच्या पिढीनं हेच ऐकलंय, आणि आता गर्भसंस्कारांच्या वर्गांतून, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून तेच नव्या कपड्यांत परत येतंय. परिणाम असा होतो की घाबरलेली बाई आता घाबरण्यालाही घाबरते. म्हणून स्पष्ट सांगते: रोजची काळजी, रडू, एखादी वाईट रात्र, सोनोग्राफीच्या आधीची धडधड, यानं गर्भ पडत नाही. आठवडेच्या आठवडे चाललेलं, उपचार न झालेलं नैराश्य किंवा तीव्र चिंता मात्र वेगळी. त्यात बाई नीट खात नाही, झोपत नाही, तपासण्या चुकवते, आणि कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता थोडी वाढते. तिथेही "आनंदी राहा" हा काही उपचार नव्हे. उपचार असतो आणि तो लागू पडतो. त्याकडे येते.

त्याआधी तुमची वॉशरूमची गोष्ट. तुम्ही लिहिलंय, ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर जाता, टिश्यू उजेडात धरून बघता, मग पुन्हा एक, मग फोनच्या टॉर्चनं. हे तुम्हीच करता असं नाही, माझ्या ओपीडीतल्या निम्म्याजणी करतात. बघितलं की दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग पुन्हा खात्री हवी होते. ते बघणंच भीतीला खतपाणी घालतं. "बघू नकोस" म्हणून कोणी थांबत नाही, म्हणून मी वेगळं सांगते. लघवीला जाल तेव्हा एकदा बघा, साध्या उजेडात, एकच टिश्यू. केवळ बघण्यासाठी उठायचं झालं तर आधी पंधरा मिनिटं थांबा, पाणी प्या, शेजारणीशी बोला. आठवडाभरानं पंधराची तीस करा. रक्त खरोखर असेल तर ते कपड्याला लागतं, तुम्हाला कळतं. तसं झालं किंवा पोटात पाळीसारखी कळ आली, तर शंका न बाळगता दवाखान्यात जा, रात्र असली तरी. आणि पूर्णवेळ अंथरुणावर पडून राहिल्यानं गर्भ टिकतो, याला आधार नाही. उलट दिवसभर छताकडे बघत पडलेली बाई जास्त घाबरते. डॉक्टरांनी खास कारणानं सांगितलं नसेल तर ऑफिस चालू ठेवा. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला प्रवास करता येतो. पोट दिसत नसेल तर फाइल हातात ठेवा.

आता सोनोग्राफीची खोली. आधी जिचं गेलंय तिच्यासाठी सबंध नऊ महिन्यांत याहून अवघड जागा नसते. दिवा मंद, पोटावर थंड जेल, स्क्रीन डॉक्टरांकडे वळवलेली. डॉक्टर मापं घेतायत म्हणून गप्प असतात, आणि त्या गप्प राहण्यात बाईला मागची दुपार ऐकू येते, कारण तेव्हाही डॉक्टर असेच गप्प झाले होते आणि मग म्हणाले होते, "बाहेर कोण आलंय बरोबर?" एक पेशंट मला म्हणाली होती, "मी स्क्रीन बघतच नाही, मी त्यांच्या भुवया बघते." ते ऐकल्यापासून मी आमच्या सोनोग्राफीच्या डॉक्टरांच्या मागे लागले: प्रोब ठेवल्यावर आधी ठोके शोधा, "ठोके आहेत" एवढं मोठ्यानं बोला, आणि मग मापं काढायला हवा तेवढा वेळ घ्या. बऱ्याच जणांनी ते मनावर घेतलं. तुमच्या डॉक्टरांना हे तुम्ही स्वतः सांगू शकता. पोटावर प्रोब टेकायच्या आधी एक वाक्य: "मागच्या वेळी ठोके नव्हते, म्हणून आधी तेवढं सांगाल का?" मागचं सेंटर टाळता येत असेल तर टाळा. आणि दर चार दिवसांनी नवी सोनोग्राफी मागू नका. टिश्यूचं जे होतं तेच तिचंही होतं.

घरातलं थोडक्यात. वन रूम किचनमध्ये चार माणसं असली की रडायला कोपरा नसतो. मला बायका सांगतात, नळ सोडून बाथरूममध्ये रडतो, किंवा गाडीत घाटकोपर ते कुर्ला, तेवढ्या गर्दीत कोणी विचारत नाही. तुमचा नवरा "काही होत नाही" म्हणून विषय बदलतो असं लिहिलंय. मागच्या वेळी फॉर्मवर सही त्यानंच केली होती, रिक्षा त्यानंच आणली होती. त्याला कोणी विचारलं का की तू कसा आहेस? माझ्याकडे आलेले नवरे बहुधा दाराशी उभे राहतात, आणि "तुम्ही बसा" म्हटलं की रडतात. त्याला उपाय मागू नका, तो घाबरतो. एवढंच म्हणा: रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं मी बोलेन, तू फक्त ऐक.

सासूबाईंच्या "चांगले विचार कर"ला उत्तर द्यायची गरज नाही. त्यांना एखादं काम द्या. पहाटे जाग आली की माझ्याशेजारी येऊन बसा म्हणावं. त्या पिढीतल्या बऱ्याच बायकांचंही एखादं गेलेलं असतं, कोणाला सांगितलेलं नसतं. कधीकधी अशा पहाटेच ते पहिल्यांदा बोललं जातं.

कधी समजायचं की आता नुसती भीती राहिली नाही? दोन आठवडे जवळजवळ रोज मन खाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, वेळ असूनही झोप येत नसेल, जेवण उतरत नसेल, छातीत अचानक धडधडून श्वास कोंडत असेल, भीतीपोटी तपासणीच चुकवावीशी वाटत असेल, मागच्या वेळचं दृश्य नको असताना डोळ्यांपुढे येत असेल, तर दाखवा. आम्ही ओपीडीत एडिनबराच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये तयार केलेली दहा प्रश्नांची यादी वापरतो. ती बाळंतिणींसाठी बनवली होती, पण गरोदरपणातही चालते. पाच मिनिटांत होते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा असतो. त्याला 'कधीच नाही' याशिवाय दुसरं उत्तर आलं तर मी त्या बाईला त्याच दिवशी, घरच्या माणसासकट, समोर बसवते. तुमच्या पत्रात "मी नसते तर बरं झालं असतं" असं एक वाक्य आहे. ते ओझरतं लिहिलंय, पण मी ते वाचलंय. म्हणून तुम्हाला 'वाटलं तर दाखवा' असं न म्हणता या आठवड्यातच दाखवा म्हणते. रात्री तो विचार जोर धरू लागला तर नवऱ्याला उठवा आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार विकसनशील देशांत गरोदर बायांपैकी १५.६ टक्के आणि बाळंतिणींपैकी १९.८ टक्के बायांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. एवढ्या बायका दाखवायला येत नाहीत, कारण मानसोपचाराची पायरी चढायची लाज वाटते. मुंबईतल्या केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, खर्च नाममात्र. उपचार म्हणजे बऱ्याचदा आधी बोलणंच असतं: आठवड्याला एक बैठक, अशा आठ-दहा. तेवढ्यानं भागलं नाही तर गोळी. गरोदरपणात मानसिक आजाराच्या सगळ्या गोळ्या वर्ज्य असतात, हा समज चुकीचा आहे. सर्ट्रालीनसारखं नैराश्यावरचं औषध आम्ही गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही देतो, त्याचा अनुभव मोठा आहे. जन्मानंतर थोडे दिवस बाळ जरा किरकिरं राहू शकतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांना कल्पना देऊन ठेवतो. व्हॅल्प्रोएटसारखी (फिट आणि मनाच्या तीव्र चढउतारांवर देतात ती) काही औषधं मात्र टाळायचीच असतात. कोणाची गोळी आधीपासून चालू असेल तर दिवस गेल्याचं कळताच ती स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा. मेडिकलमधून झोपेची गोळी आणू नका.

हे वाचणाऱ्यांत पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत व्यंग निघाल्यामुळे हवंहवंसं बाळ थांबवावं लागलेल्या बायकाही असतील. तुमची वाट आणखी खडतर असते, कारण अंगात दूध येतं आणि घ्यायला कोणी नसतं, आणि त्या दुधाबद्दल आधी कोणी काही सांगितलेलंही नसतं. पुढच्या खेपेला अठरा ते वीस आठवड्यांची तपासणी हा तुमचा डोंगर. त्या महिन्यासाठी समुपदेशकाची वेळ आधीच घेऊन ठेवा.

तुम्ही मागच्या वेळी चौथ्या दिवशी ऑफिसला गेलात, हे वाचून मला राग आला, तुमचा नव्हे. मातृत्व लाभाच्या कायद्यातच गर्भ गेल्यानंतर किंवा वैद्यकीय गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तुमच्या मैत्रिणींना तुम्ही सांगा.

पुढचे काही आठवडे ओबडधोबड जाणार. मागचा नववा आठवडा तुम्ही ओलांडलात, तरी भीती ओसरली नाही म्हणून तुम्हाला आश्चर्य वाटतंय. ती तशी एका रात्रीत जात नाही. पण आठव्या आठवड्यात ठोके दिसलेले बहुतेक गर्भ पुढे नीट वाढतात, हे खरं आहे आणि ते तुमच्या बाळालाही लागू आहे. मागच्या बाळाची जी तारीख दिली होती ती कॅलेंडरवर येईल, तो दिवस जड जाईल. त्या दिवशी सुट्टी टाका, देवळात जा, समुद्रावर जा, काहीही करा, पण विसरल्याचं सोंग करू नका. खरेदी करवत नसेल तर करू नका. आपल्याकडे तशीही बाळाला आधी कोणाची तरी जुनी, धुऊन मऊ झालेली झबलीच घालतात.

डोहाळजेवणाला नाही म्हणू का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता त्याला हो किंवा नाही, काहीच म्हणू नका, सातवा महिना लांब आहे. आत्ता समोर आहे ती बाराव्या आठवड्याच्या आसपासची एनटी तपासणी, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी. सकाळची पहिली वेळ मिळते का ते उद्याच विचारा, म्हणजे दिवसभर वाट बघावी लागणार नाही, आणि नवऱ्याला त्या दिवशी रजा टाकायला सांगा.